मांडीवरचा पियानो

रात्री घर झोपलं की मी पलंगावर मांडी घालून बसतो, हेडफोन लावतो आणि यामाहाचा रिफेस सीपी हा छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मांडीवर घेतो. वजन दोन किलोसुद्धा नाही. सहा पेन्सिल सेलवर चालतो. ३७ पट्ट्या, म्हणजे तीन सप्तकं, आणि त्या नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा बारीक. पहिले पंधरा दिवस माझा हात अडखळत होता. सवयीने पंजा पसरला की वरच्या 'सा'ऐवजी त्याच्या पुढचा 'रे' लागायचा.

पण जीव जडला तो त्यातल्या ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोच्या आवाजामुळे. मी मुळात पेटी वाजवणारा. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तसाच येतो. जोर सगळा भात्याचा. इथे सगळा कारभार बोटांचा. तोच 'सा' अलगद दाबला तर घंटीसारखा गोल येतो, ठोकला तर चक्क गुरगुरतो. खऱ्या ऱ्होड्समध्ये हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर बसते आणि ती काडी चुंबकाच्या पिकअपसमोर, म्हणजे थरथरीची विजेची लहर करणाऱ्या भागासमोर, थरथरते. फटका जोरात बसला की काडीचा झोका मोठा होतो, पिकअपमधून येणारी लहर वेडीवाकडी होते. ती गुरगुर तिथली.

त्यातल्याच वुर्लिट्झर या दुसऱ्या इलेक्ट्रिक पियानोची गोष्ट तर पेटीवाल्यांना लगेच कळेल. खऱ्या वुर्लिट्झरमध्ये पोलादाच्या चपट्या जिभा, म्हणजे रीड, असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला डाखाचा गोळा. सूर उतरला असेल तर तो डाख कानशीने किंचित घासायचा. टोक हलकं झालं की सूर चढतो. पेटीचे सूर लावतानाही कानसच लागते!

लहान पट्ट्यांना खेळणं म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. हॅरल्ड ऱ्होड्सने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांसाठी विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वापरून पियानो बनवला, तोही २९ पट्ट्यांचाच होता. खाटेवर पडल्या पडल्या मांडीवर घेऊन वाजवायचा. विजेचा ऱ्होड्स नंतर आला, आणि ७३ पट्ट्यांचा तो पियानो उचलायला दोन माणसं लागतात.

तीन सप्तकांत सूर मात्र निवडून घ्यावे लागतात. डाव्या हाताला 'सा' आणि कोमल 'नी', उजव्याला 'ग' आणि वरचा 'रे', बस. 'प' मी गाळतोच. खाली सूर दाटले की नुसता चिखल होतो.

काल ट्रेमोलो, म्हणजे आवाजाचा लयीतला चढउतार, अगदी संथ ठेवला आणि हे चारच सूर धरून बसलो. मांडीवर वाजवताना पेडल नसतं, बोट उचललं की सूर संपला. आवाज पार विरेपर्यंत मी एकही बोट हलवलं नाही.