लालबागची गच्ची, डिसेंबरचं ऊन आणि एकही लाइट नाही

शॉर्टफिल्मचं बजेट ऐकलं तेव्हाच जनरेटरचा नाद सोडला. गोष्ट सगळी लालबागमधल्या एका चाळीच्या गच्चीवर घडते. निवृत्त गिरणी कामगार आजोबा आणि त्यांची नात, एवढीच पात्रं. त्या चाळीच्या लाकडी जिन्यावरून मोठे लाइट वर चढवणं तसंही कुणाच्या बापाला जमलं नसतं. कॅमेरा माझ्याकडे होता. मी दिग्दर्शकाला म्हटलं, उन्हावर करू, पण तारखा मी देणार. आणि मी डिसेंबर मागितला.

कारण साधं आहे. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा नटाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, नाकाची सावली ओठांवर पडते आणि देखणा माणूसही आजारी वाटतो. डिसेंबरात मात्र साडेबाराच्या सुमारास, म्हणजे सूर्य सगळ्यात वर असतानाही, तो दक्षिणेला कललेला असतो. क्षितिजापासून जेमतेम 47-48 अंश. शिवाय उगवतो आग्नेयेकडे, मावळतो नैऋत्येकडे, म्हणजे दिवसभर मुक्काम दक्षिणेच्याच अर्ध्या आकाशात. नटाला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं की ऊन सकाळी त्याच्या उजव्या खांद्यामागून येतं, संध्याकाळी डाव्या. केसांना, कानांच्या कडांना उजेडाची रेघ मिळते आणि चेहऱ्यावर डोळे मिचकावण्याची वेळ येत नाही. पुढून फक्त थर्माकोलची शीट धरायची, उजेड चेहऱ्यावर परतवायला.

आता प्रश्न असा, की दोघं समोरासमोर बसून बोलतायत. आजोबा उत्तरेला बघत असतील तर नात दक्षिणेला बघणार, म्हणजे ऊन थेट तिच्या डोळ्यांत. यावर सेटवरचा जुना उपाय आहे, चीट करायचं. आजोबांचे शॉट संपले की दोघांनाही फिरवून बसवलं आणि नातीचं तोंडही उत्तरेकडे केलं. दोघांच्याही पाठीमागे ऊन! निसर्गात हे अशक्य आहे, पण मागे पाण्याची टाकी आणि दोरीवरचे कपडे असले की कुणी होकायंत्र काढून बघत नाही. टाकी एकाच बाजूला होती, म्हणून नातीच्या मागे आम्ही फक्त कपडे वाळत घातले.

रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, मी मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारं अ‍ॅप घेऊन गेले होते. अ‍ॅप सूर्याचं बरोबर सांगतं, टॉवरचं सांगत नाही. गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर आता या चाळींचं ऊन वाटून घेतात. म्हणून सकाळपासून गच्चीवर बसून राहिले आणि सावली कुठे कधी सरकते ते फरशीवर खडूने लिहीत गेले. त्यातच एक लॉटरी लागली. समोरच्या काचेच्या इमारतीवरून परतलेलं ऊन सकाळी थोडा वेळ गच्चीच्या एका कोपऱ्यात पडायचं, आणि तेही उत्तरेकडून. मागून खरा सूर्य, पुढून काचेतला. लाखाचा लाइट भाड्याने आणला असता तरी इतका नेमका उजेड मिळाला नसता. नातीचा सगळ्यात महत्त्वाचा क्लोजअप मी त्याच वेळेला बांधला.

सगळंच असं फुकटात मिळालं नाही. गच्चीला पांढरी चायना मोझॅक होती. तिच्यावरून ऊन उसळून हनुवटीखालून चेहऱ्यावर येतं, भुताच्या नाटकात येतं तसं. फ्रेमबाहेरच्या फरशीवर काळे कपडे अंथरले. शेजारच्या छपरावर पावसाळ्यातली निळी ताडपत्री तशीच राहिली होती. तिच्या बाजूचा गाल निळसर यायचा. हा रंग नंतर एडिटनंतरचं कलर करताना, म्हणजे फिल्मचे रंग सुधारताना, काढता येईल असं सगळे म्हणतात, पण अर्ध्या गालावरचा निळा काढायचा म्हणजे दुसऱ्या अर्ध्याचंही वाटोळं होतं. मालकांना विनंती करून ताडपत्री गुंडाळली.

दिवसाची आखणी उन्हावरूनच केली. वाइड शॉट सकाळी आणि चारनंतर, दुपारी फक्त क्लोजअप. एवढ्या मोठ्या गच्चीवर ऊन गाळणं शक्य नसतं, एका चेहऱ्यापुरतं असतं. बांबूच्या चौकटीला मलमल ताणून काकांच्या, म्हणजे आजोबा झालेल्या नटांच्या, डोक्यावर धरली. कापड जितकं चेहऱ्याजवळ, तितकी सावली मऊ. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ती चौकट लाइटदादांना घेऊन उडायला बघायची, म्हणून चारही कोपरे कठड्याला बांधले. काका रंगभूमीवरचे. थर्माकोल बघून म्हणाले, “पोरी, नाटकात लाइट माझ्यामागे येतो, इथे मी लाइटमागे.” त्यांच्या चष्म्यात थर्माकोलचा पांढरा चौकोन दिसत होता. काड्या कानावर जरा उचलल्या, काचा खाली झुकल्या, चौकोन गेला.

कॅमेऱ्याचा हिशोबही सांगते. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 800, शटर 1/50 सेकंद, आणि मागचं धूसर राहावं म्हणून मला लेन्सचं भोक एफ/4 एवढं मोठं हवं होतं. कडक उन्हात याला आठ स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो, म्हणजे उजेड आठ वेळा निम्मा करणारी काळसर काच. तो नसेल तर अ‍ॅपर्चर म्हणजे ते भोक बंद करत जावं लागतं, मागचंही सगळं स्पष्ट येतं आणि टॉवरची एकेक खिडकी मोजता येते.

खोलीतल्या एका शॉटसाठी चाळीतल्याच कपाटाचा आरसा वापरला. गुरुदत्तचे कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी ‘कागज के फूल’मध्ये (1959) आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं होतं, ते ऐकून होते. आरसा गॅलरीत, तिथून उजेड आतल्या पांढऱ्या चादरीवर, तिथून काकांवर. पण सूर्य थांबत नाही. पाच मिनिटांतच आरशातला झोत जागेवरून सरकतो. एक मुलगा फक्त आरसा फिरवायला ठेवला.

डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला असतो, पण ती वेळ धरून बसू नका. हिवाळ्यातल्या धुरक्यात सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच फिका पडतो. पाचच्या आसपास तेच धुरकं ऊन छान मऊ, पिवळं करतं, म्हणून शेवटचा वाइड आम्ही तेव्हाच घेतला.

एक सीन अजून बाकी आहे आणि काकांच्या तारखा मे महिन्यातल्या मिळाल्यात. तो गच्चीवरून उचलून चाळीच्या गॅलरीत घेणार आहे. वर छप्पर आणि समोरच्या भिंतीला नुकताच पांढरा रंग दिलाय.