टाकीपाशी उभं राहवतं

"नाकाच्या पडद्याला भोक पडलंय, पण दुखत नाही ओ!" कुपवाड एमआयडीसीबाहेरच्या टपरीवर प्लेटिंगमधला, म्हणजे लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा देणारा एकजण चहा फुंकत सांगत होता. "वासबी येत नाही आता. बरंच झालं, टाकीपाशी उभं राहवतं."

त्याचं हे समाधान काही डोक्यातून जाईना.

क्रोमच्या टाकीतून बारीक तुषार उडतात. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमचं विषारी रूप, नाकाचा पडदा खातं, कातडीवर खोल व्रण करतं. वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कॅन्सरसुद्धा. क्रोमचे व्रण १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनच सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहेत. याला मिळाले सर्दीचे थेंब!

टाकीवर वाफ ओढणारा पंखा नाही का, विचारलं.

"हाय की. तपासणीला साहेब आले की लावत्यात."