एका जेवणात एकच परदेशी जिन्नस

आमच्या घरी कुणाला जेवायला बोलावलं की ताटात परदेशी जिन्नस एकच असतो. एखादा डबा, एखादी बाटली किंवा चीझचा एक तुकडा. तो घेताना मी हात आखडत नाही. बाकी सगळं मात्र माहीमच्या आसपास मिळणारं असतं: सिटीलाइटच्या बाजारातली मासळी आणि भाजी, बेकरीतला ब्रुन पाव, गावाकडून आलेले वाल. पाहुण्यांसाठी मी बरीच वर्षं असाच स्वयंपाक करतो आहे आणि याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

टेबलावर चार प्रकारचं चीझ, दोन प्रकारचे ऑलिव्ह, स्मोक्ड सामन, वाळवलेले टोमॅटो आणि वर तीन डिप मांडली की लोक पोटभर खातात, पण दुसऱ्या दिवशी त्यांना कशाचीच चव आठवत नाही. कुठल्या तरी डोंगरावर किंवा समुद्रकाठी कुणीतरी महिनोन्महिने सांभाळून केलेली वस्तू त्या गर्दीत वाया जाते. मला ते बघवत नाही. आपल्या ताटात लोणचं डाव्या बाजूला चमचाभरच वाढतात आणि तरी अख्खं जेवण त्याच्यामुळे उठून दिसतं, तशी जागा त्या वस्तूला मिळाली पाहिजे.

मी क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे ह्यातल्या पुष्कळ वस्तू दुकानात दिसण्याआधी मला कागदांवर भेटतात. न्हावा-शेव्याच्या बंदरात खाण्याचा माल उतरला की एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे अधिकारी कागद बघतात, नमुने काढतात, आणि एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय माल सुटत नाही. मुदतीचाही नियम आहे. क्लिअरन्सच्या वेळी मालाचं ६० टक्के आयुष्य शिल्लक असावं लागतं किंवा मुदत संपायला तीन महिने असावे लागतात, यातलं जे कमी असेल ते. बाटलीच्या पाठीवर जो साधासा पांढरा स्टिकर असतो, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवान्याचा नंबर आणि शाकाहारी-मांसाहारीची खूण असते. मूळ लेबल कितीही देखणं असलं तरी मी आधी तो स्टिकर वाचतो. स्टिकर नसलेली वस्तू कुणी निम्म्या भावात दिली तरी घेत नाही, कारण ती कुठल्या वाटेने आली आणि वाटेत किती ऊन खाऊन आली, हे कळायला काहीच मार्ग नसतो.

२०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपातून येणारी कितीतरी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. डबाबंद टोमॅटोला त्याने फरक पडत नाही, पण मऊ चीझच्या आयुष्यातले दहा दिवस म्हणजे पुष्कळ झाले. म्हणून तारीख बघितल्याशिवाय पिशवीत काही टाकू नका, एवढं मी सगळ्यांना सांगतो.

खरेदी बहुतेक क्रॉफर्ड मार्केटमध्येच होते. १८६९ सालची ही इमारत, आत परदेशी मालाचे गाळे, आणि काम फोर्टात असल्यामुळे येता-जाता वाट वाकडी करावी लागत नाही. तिथून सीएसएमटी आणि हार्बरने थेट माहीम. गाळेवाल्याला मी एकच गोष्ट विचारतो: हा डबा तुमच्याकडे फ्रिजमध्ये होता की फळीवर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो अँचोव्ही ह्या छोट्या खाऱ्या मासळीच्या बाबतीत. अँचोव्हीचा डबा दिसायला इतर डब्यांसारखाच असतो, म्हणून दुकानदार तो ट्यूनाच्या शेजारी फळीवर ठेवून देतात. पण ट्यूना डब्यात घालून उकळत्या तापमानाच्याही वर तापवलेला असतो. अँचोव्हीला तसली आच लागलेलीच नसते. ती मिठात महिनोन्महिने दाबून मुरवलेली, मग हाताने साफ करून तेलात घातलेली मासळी असते. उन्हाळाभर मुंबईच्या गरम दुकानात राहिली तर तिचा लगदा होतो. डबा फ्रिजमधलाच घ्यायचा. स्पेनच्या उत्तरेला कांताब्रियाच्या किनाऱ्यावर होणारी अँचोव्ही महाग असते, पण डबा उघडल्यावर तिचा लालसर तपकिरी रंग आणि अखंड पट्ट्या बघितल्या की पैसे कशाचे दिले ते कळतं.

थंडीत, म्हणजे मुंबईत जी काही थंडी पडते त्या डिसेंबर-जानेवारीत, मी ह्या एका डब्यावर अख्खं जेवण उभं करतो. उत्तर इटलीत पिएमाँत नावाचा प्रांत आहे. त्याला समुद्र नाही, तरी तिथला सगळ्यात लाडका पदार्थ खाऱ्या मासळीचा: बान्या काउदा. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठाबरोबर ही मासळी डोंगर ओलांडून वर जायची. मातीच्या भांड्यात लसूण, अँचोव्ही आणि तेल मंद तापत ठेवायचं, भांडं मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी भाज्या बुडवून खायच्या. पाहुण्यांना एकत्र बसवायला याच्याइतका चांगला पदार्थ मी पाहिलेला नाही. सहा माणसं एका भांड्याभोवती आली की आपोआप गप्पा सुरू होतात.

कृती सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. सहा जणांना लसणाचे चार गड्डे सोलायचे. पाकळ्या दुधात, अगदी बारीक आचेवर, बोटाने दाबल्या तर चिरडतील इतक्या मऊ शिजवायच्या. दूध गाळून टाकायचं, त्याबरोबर लसणाचा उग्रपणा जातो. मग जाड बुडाच्या पातेल्यात अर्धं लोणी आणि अर्धं घाण्याचं शेंगदाणा तेल घ्यायचं. ऑलिव्ह तेल इथे मी वापरत नाही. पिएमाँतमध्येही पूर्वी अक्रोडाचं तेल वापरत, त्यामुळे शेंगदाण्याचा वास ह्या पदार्थाला परका वाटत नाही. तेल कोमट झालं की अँचोव्हीच्या पट्ट्या सोडायच्या आणि लाकडी चमच्याने हलवत राहायचं. आधी कडा सुटतात, मग पट्टी मधोमध उसवते, आणि चार-पाच मिनिटांत मासळी दिसेनाशी होते, नुसता तपकिरी गाळ राहतो. तेलाला बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. आले तर अँचोव्ही कडवट होते. शेवटी लसूण चिरडून मिसळायचा. वरून मीठ अजिबात नाही.

बुडवायला नवलकोलाच्या फोडी, कोवळा मुळा, गाजर, कोबीची आतली पानं, उकडलेलं बीट आणि गॅसवर भाजून सोललेली ढोबळी मिरची. आणि ब्रुन. ह्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पाकिटातल्या कुठल्याही परदेशी ब्रेडपेक्षा आपला इराणी बेकरीतला ब्रुन ह्या कामाला सरस आहे. कवच कडक असल्यामुळे तो तेलात विरघळत नाही आणि आतला मऊ भाग रस धरून ठेवतो.

याच जेवणात मी मांदेली तळतो. मांदेली ही अँचोव्हीच्याच कुळातली, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. अंगावरचे सोनेरी ठिपके सोडले तर ठेवण तीच, लहान, लांबट, शेपटीकडे निमुळती. तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली मांदेली त्या गरम रसात बुडवून खाल्ली की एका घासात माहीम आणि कांताब्रिया दोन्ही येतात. माझी आत्या मूळ अलिबागकडची, तिला ह्या परदेशी प्रकारांचं विशेष कौतुक नाही. पातेल्याजवळ येऊन तिने वास घेतला आणि म्हणाली, "अरे, आई बांगडा खारवायची ना, बरणी उघडल्यावर असाच वास यायचा." मग तिने खुर्ची ओढली आणि भांडं संपेपर्यंत उठली नाही. मला तेच हवं असतं. वस्तू लांबची असली तरी जेवणाऱ्याला तिच्यात ओळखीचं काहीतरी सापडावं.

ऑलिव्ह तेलाची बाटली घेतो तेव्हा त्या दिवशी तेच एक. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायला आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत असावी लागते, पण आकड्यापेक्षा मी काढणीचा हंगाम छापलाय का ते बघतो. भूमध्य समुद्राभोवती ऑलिव्हची तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होते, आणि तेल जुनं झालं की घशाला बसणारा तिखटपणा निघून जातो. बाटली गडद काचेची किंवा पत्र्याची हवी. स्पेनमधल्या दुष्काळाने मधली दोन वर्षं भाव इतके चढले होते की असं तेल फोडणीत घालणं मला अन्याय वाटायचं. आजही घालत नाही. कोवळे पावटे मीठ-लसूण घालून मऊ उकडायचे, वाफाळते वाढायचे आणि ताटात आल्यावर वरून कच्चं तेल ओतायचं. गरम पावट्यांवर त्या तेलाचा हिरवा वास उठतो तो क्षणभरच टिकतो, म्हणून बाटली टेबलावर ठेवतो आणि ज्याचं त्याने ओतून घ्यायचं.

चीझमध्ये माझी पसंती वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या डच गौडाला. कापताना चुरा पडतो आणि दाताखाली बारीक खडे लागतात. ते मिठाचे नसतात, चीझ मुरताना प्रथिनं फुटून तयार झालेले स्फटिक असतात. त्याच्याबरोबर मेथांबा. गूळ, कैरी आणि मेथीचा तो कडूपणा ह्या चीझशेजारी असा काही खुलतो की आता मेथांबा करताना मी एक छोटी बरणी त्यासाठी बाजूला काढतो. शाकाहारी पाहुणे असतील तर रेनेट, म्हणजे चीझसाठी दूध घट्ट करणारं द्रव्य, कसलं आहे ते लेबलवर आधी बघतो. काही चीझमध्ये ते वासराच्या पोटातलं असतं, काहींमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं. न विचारता वाढणं बरोबर नाही. पुस्तकात सांगतात की चीझ खायच्या आधी तासभर बाहेर काढा. ते त्यांच्या हवेसाठी. मेमध्ये आमच्या स्वयंपाकघरात वीस मिनिटं पुरे होतात, तासाभरात तुपकट घाम सुटतो. उरलेला तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधला तर पावसाळ्यात हमखास बुरशी धरतो.

काही वस्तू मी मुळीच घेत नाही. ट्रफल ह्या महागड्या भूछत्राच्या वासाचं ट्रफल ऑइल म्हणून जे विकतात त्यातल्या बहुतेक बाटल्यांमध्ये वास प्रयोगशाळेत तयार केलेला असतो, आणि तो सगळ्या जेवणावर पसरतो. फारो नावाचं इटालियन धान्य महागड्या पाकिटात मिळतं. ते बहुतेक वेळा आपला खपली गहूच. दादरला खपली सहज मिळते. रात्रभर भिजवून अख्खी शिजवा, वर लिंबू आणि काकडी, काम झालं.

जेवणानंतरचं गोड हिवाळ्यात ठरलेलं आहे, मात्र अँचोव्हीच्या दिवशी नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि इटलीतल्या मोदेनाचं बाल्सामिक व्हिनेगर, म्हणजे द्राक्षरसाचा मुरवलेला सिरका. खरं पारंपरिक बाल्सामिक निदान १२ वर्षं लाकडी पिंपांमध्ये राहतं, १०० मिलिलिटरच्या गोलसर बाटलीत येतं आणि त्याची किंमत ऐकून माणूस थबकतो. घरी रोजच्यासाठी आयजीपी ह्या युरोपीय भौगोलिक ओळखीच्या शिक्क्याचं पुरतं, फक्त घटकांच्या यादीत वाइन व्हिनेगरच्या आधी द्राक्षरसाचं नाव असायला हवं. तसं असेल तर ते दाट आणि गोडसर निघतं. स्ट्रॉबेरी धुऊन पुसून चिरायच्या, चिमूटभर साखर लावून पंधरा मिनिटं ठेवायच्या, आणि वाढताना प्रत्येक वाटीत अर्धा चमचा व्हिनेगर. क्रीम नको, पुदिनाही नको. बाटलीला फ्रिज लागत नाही. झाकण घट्ट लावून गॅसपासून लांबच्या कपाटात ठेवली की एका हंगामात घेतलेली बाटली पुढच्या स्ट्रॉबेरीपर्यंत चांगली राहते.