पडद्यावर उणे १२, कंप्रेसरच्या लेखी उणे १८

शीतगृहाची तक्रार एका ओळीची होती: पडद्यावर उणे १२ दिसतं आणि कंप्रेसर बंद पडतो. बंद व्हायला हवा उणे १८ला. कंट्रोलरचा प्रोग्राम फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेतला. सेन्सर सिरीयल पोर्टवरून आकडा अक्षरांत पाठवतो, म्हणजे उण्याचं चिन्ह, अंक आणि शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण).

सेन्सर तपासला, रिले तपासला, दोन्ही ठणठणीत. लॅपटॉप जोडून रीडिंग छापलं तर तेही उणे १२! मग डोक्यात आलं, सोळाच्या पायात (हेक्स, म्हणजे ९नंतर ए ते एफ हेही अंक असलेली मोजणी) १२ म्हणजेच नेहमीचे १८.

फोर्थ आकडे कुठल्या पायात वाचतो-छापतो ते 'बेस'मध्ये असतं. ते छापायला 'बेस @ .' टाइप केलं, उत्तर १०. ते कायम १०च येणार, कारण कुठलाही पाया स्वतःच्या पायात १० असाच छापला जातो. एक वजा करून छापायला 'बेस @ १- .' टाकलं तेव्हा एफ, म्हणजे १५, आलं आणि चोर सापडला. दहाचा पाया बसवणारं 'डेसिमल' म्हणण्याऐवजी सवयीने '१० बेस !' केलं असतं तर पुन्हा सोळाच बसला असता.

मेमरी छापणाऱ्या शब्दात (फोर्थमध्ये फंक्शनला शब्द म्हणतात) सुरुवातीला 'हेक्स' होतं, शेवटी 'डेसिमल'. पण लांबी शून्य असेल तर तो मधूनच 'एक्झिट' घ्यायचा, आणि बेस तसाच राहायचा. आकडा सोळाच्या पायात वाचला जायचा आणि त्याच पायात छापला जायचा, म्हणून पडदा बरोबर. तुलनेतला उणे १८ मात्र कंपाइल होतानाच दहाच्या पायात पक्का झालेला. उणे ९पर्यंत काहीच बिघडत नाही, पुढच्या अंशाला आतला आकडा थेट उणे १६.

वाचणाऱ्या शब्दाभोवती 'बेस @ >आर डेसिमल' आणि 'आर> बेस !' घातलं. पहिलं बेसचा आकडा परतीच्या पत्त्यांच्या चळतीवर ठेवतं, दुसरं तो परत बसवतं, म्हणून यांच्यामध्ये 'एक्झिट' चालत नाही. परतीच्या पत्त्याऐवजी बेसचा आकडा उचलला जातो आणि कंट्रोलर भरकटतो.

हात लागलाच होता म्हणून अक्षरांचा आकडा करणाऱ्या '>नंबर'ची जुनी वापरणीही बदलली. त्याला स्टॅकवर (आकड्यांच्या चळतीवर) दोन सेलचं, म्हणजे दुप्पट रुंदीचं शून्य, अक्षरांचा पत्ता आणि लांबी लागते. उण्याचं चिन्ह त्याला कळत नाही: पहिलं अक्षर ४५ (उण्याच्या चिन्हाचा कोड) असेल तर '१ /स्ट्रिंग'ने काढायचं आणि शेवटी 'निगेट'. अंक नसलेल्या पहिल्या अक्षरापाशी तो थांबतो आणि उरलेला पत्ता-लांबी परत देतो. जुन्या कोडमध्ये ही जोडी न बघताच टाकून दिलेली, म्हणजे '१क्ष' आलं तरी १ अंश! आता उरलेली लांबी शून्य नसेल तर रीडिंग बाद. त्यासाठी कॅरेज रिटर्न आधीच छाटावा लागतो, नाहीतर एकही रीडिंग पास होत नाही. सगळ्यात घातक रिकामी स्ट्रिंग: उत्तर शून्य, उरलेली लांबीही शून्य, म्हणजे दिसायला सगळं यशस्वी. नुसतं उण्याचं चिन्ह आलं तरी तेच. म्हणून चिन्ह काढल्यावर लांबी पुन्हा तपासायची.

शेवटी मुद्दाम 'हेक्स' करून चाचणी घेतली. कंप्रेसर बरोबर उणे १८ला थांबला, पण वाटेत उणे १२ला पडद्यावर उणे सी उमटलं. मग छापणाऱ्या शब्दालाही तेच वेष्टन चढवलं.