मस्कतच्या पुढचा ओमान

ओमानचे बरेचसे तयार टूर मस्कतभोवतीच फिरतात. मशीद, सूक म्हणजे बाजार, बोटीतून डॉल्फिन, एक रात्र वाळवंटातला तंबू, की झाला ओमान. माझा सल्ला उलटा आहे. मस्कतला फार तर दीड दिवस द्या आणि उरलेले सगळे दिवस हजर डोंगरांच्या पलीकडे घालवा. या देशात गाव कुठे वसेल, किल्ला कुठे उभा राहील आणि खजूर कुठे लागेल, हे पाण्यानं ठरवलंय. ते पाणी निझवा, बहला, बिरकत अल-मौज या पट्ट्यात आजही दगडी पाटांतून वाहताना दिसतं. ते पाहिलं की किल्लेही उलगडतात.

मार्ग गोल आखावा: मस्कत, निझवा, शर्किया वाळवंट, सूर आणि किनाऱ्यानं परत मस्कत. आजूबाजूच्या फेऱ्या धरून आठ-नऊशे किलोमीटर होतात. सहा रात्री हाताशी असल्या तर धावपळ होत नाही. सुरुवात गुरुवारी सकाळी मस्कतमध्ये व्हावी असं जमवा. तिथली मोठी सुलतान काबूस मशीद शुक्रवारी बिगरमुस्लिमांसाठी बंद असते आणि निझव्याचा बकऱ्यांचा बाजार शुक्रवारीच भरतो. गुरुवारी मशीद पाहून दुपारनंतर निझव्याकडे निघालं की दोन्ही साधतं. हा एक वार चुकला की यातलं एक हमखास हातचं जातं.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुंबईहून विमान अडीच-तीन तासांत पोचतं, घड्याळ दीड तास मागे करायचं. व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या साइटवरून ऑनलाइन काढता येतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी तिथेच तपासून घ्यावेत. एका रियालचे हजार बैसा होतात आणि एक रियाल दोनशे रुपयांहून जास्त पडतो. त्यामुळे ‘फक्त पाच रियाल’ ऐकून भुलू नका. 1970 पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी काढलेला रुपयाच चालत असे. खसखस आखातातल्या बऱ्याच देशांत अमली पदार्थात मोडते, तेव्हा अनारसे आणि खसखस घातलेले मसाले घरीच ठेवा.

सुलतान काबूस मशीद 2001 साली खुली झाली. पर्यटकांना शनिवार ते गुरुवार, सकाळी आठ ते अकरा या वेळेत आत सोडतात. आठलाच दारात उभं राहावं. साडेनऊनंतर बसगाड्या येतात आणि मुख्य दालनात नुसती रांग सरकत राहते. बायकांचे केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले हवेत. पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज आणि जाडसर ओढणी असली की पुरतं. ओढणी पारदर्शक असेल तर दारातून परत फिरवतात. पुरुषांना पूर्ण पँट लागते. दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य दालनात सोडत नाहीत, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर मोठ्यांनी आळीपाळीनं जावं. बांधकामाला सुमारे तीन लाख टन वालुकाश्म लागला, तो भारतातून गेला. आतला गालिचा 4,343 चौरस मीटरचा आणि 21 टनांचा. इराणमधल्या सहाशे विणकर स्त्रियांनी तो चार वर्षं विणला आणि 58 तुकड्यांत आणून इथे जोडला. त्यात 170 कोटी गाठी आहेत. सगळे माना वर करून झुंबराचे फोटो काढत असतात, पण दोन मिनिटं खाली वाकून नक्षीची बारीक वळणं बघा.

मुत्रा सूक दुपारी एकच्या सुमारास मिटतो तो चारनंतर उघडतो. तिथे घेण्यासारखी वस्तू म्हणजे लोबान. दक्षिणेतल्या धोफारमध्ये झाडाच्या सालीवर चिरा पाडतात आणि पाझरलेला डिंक सुकून त्याचे खडे होतात. फिकट, काहीसा हिरवट झाक असलेला, उजेडात धरल्यावर आरपार दिसणारा होजारी खडा सर्वांत वरचा. तपकिरी आणि धुळकट माल स्वस्त असतो. खडा थेट लाल निखाऱ्यावर टाकला तर करपून काळा धूर होतो. कोळशावर राखेचा पातळ थर चढू द्यायचा आणि हरभऱ्याएवढा तुकडा कडेला ठेवायचा.

जुन्या मस्कतच्या बंदरात जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं 1507 साली मस्कत घेतलं आणि तीन वर्षांनी गोवा. हे दोन्ही किल्ले पोर्तुगीजांनी 1580 च्या दशकात आजच्या रूपात उभे केले. 1650 मध्ये ओमानचा शासक इमाम सुलतान बिन सैफ यानं त्यांना मस्कतमधून हाकललं आणि त्याच इमामानं निझव्याचा प्रचंड बुरूज बांधायला घेतला. म्हणून ही दोन ठिकाणं या क्रमानं पाहण्यात अर्थ आहे.

मस्कत ते निझवा रस्ता उत्तम, दीड-पावणेदोन तासांचा. गाड्या उजव्या बाजूनं चालतात आणि वेगाचे कॅमेरे जागोजाग आहेत. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. गाडी भाड्यानं घेताना तीन गोष्टी लेखी घ्या: दिवसाला किती किलोमीटर मोफत, वाळूत गाडी घातल्यास विमा लागू होतो का (बहुतेक वेळा होत नाही), आणि टायर-काचेचं नुकसान कुणाकडे. जबल अल-अखदर या डोंगराळ भागाच्या चौकीवर फोर बाय फोर नसेल तर पोलीस परत पाठवतात. तिथे जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून तशीच गाडी घ्या.

शुक्रवारी सकाळी सातपूर्वी निझव्याच्या बाजारात पोचा. मधे गोल ओटा असतो, त्याभोवती विक्रेते बकऱ्या दोरीला धरून फिरवत राहतात, दोन्ही बाजूंना गिऱ्हाइकं बसलेली असतात आणि बोली चालता चालता लागते. फिरणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका, बिचकलेलं जनावर अंगावर येतं. नऊच्या सुमारास बाजार उलगतो. मग लगेच किल्ल्यात शिरायचं, कारण जुम्म्याच्या नमाजाला दारं बंद होतात.

निझव्याचा गोल बुरूज सुमारे 36 मीटर व्यासाचा. बांधायला बारा वर्षं लागली असं सांगतात. खालचा भाग पोकळ नाही, दगडमातीनं ठासून भरलेला आहे, त्यामुळे तोफेचा गोळा भिंतीत रुतून बसे आणि वर चढवलेल्या तोफांचा धक्काही बुरूज पचवी. माथ्यावर 24 तोफांसाठी जागा आहेत, कोणतीच दिशा मोकळी सुटत नाही. वर जाणारा जिना मुद्दाम अरुंद आणि वळणावळणाचा आहे. प्रत्येक दारापुढे पायरीच्या जागी खड्डा, त्यावर फळी. हल्ला झाला की फळी काढून घ्यायची. दारासमोर थांबून वर बघा, छतात एक फट दिसेल. तिच्यातून उकळता खजुराचा काकवीसारखा पाक खाली ओतत. हा पाक किल्ल्यातच तयार होई. कोठाराच्या जमिनीत समांतर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये चर असतात. त्यावर खजुराची पोती छतापर्यंत रचली की वरच्या वजनानं रस पाझरून चरांतून मडक्यात जमा होतो. म्हणजे अन्नाचं कोठार तेच शस्त्रागार. बहुतेक लोक ही खोली रिकामी समजून पुढे जातात. मोबाइलचा दिवा लावून जमीन नीट बघा.

आता पाणी. फलज म्हणजे उतारानं वाहणारा पाट, अनेकवचन अफलाज. दाऊदी फलज डोंगराच्या पायथ्याशी खोल मूळविहिरीतून निघतो आणि जमिनीखालच्या बोगद्यानं कित्येक किलोमीटर येतो. घैली फलज वाडीचं, म्हणजे ओढ्याचं पाणी वळवतो आणि ऐनी झऱ्याचं. पंप कुठेच नाही, सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर पाट खरवडला जातो, कमी झाला तर गाळ बसतो. देशात सुमारे तीन हजार फलज चालू आहेत आणि त्यांतल्या पाचांना 2006 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत आणलेली नहर-ए-अंबरी याच विद्येची. पाणचक्की पाहिलेल्यांना दाऊदी फलज समजायला वेळ लागणार नाही.

निझव्याजवळ फलज दारिस आहे, तिथे बाग केलीय आणि गर्दी असते. मला विचाराल तर बिरकत अल-मौजचा फलज अल-खतमैन बघा. बैत अल-रदीदा गढीच्या शेजारी त्याचं पाणी तीन सारख्या प्रवाहांत विभागतं. पाटाच्या कडेकडेनं खजूर आणि केळीच्या बागेत चालत जा. गावात पाणी पोचलं की पहिली जागा पिण्याची, मग मशिदीत वजूची, मग आंघोळीची, आणि त्यानंतर शेताची. शेतातही आधी खजूर, उरलं तर हंगामी पीक. टंचाईत कात्री हंगामी पिकालाच लागते, झाडं जगवली जातात. पाळी मोजायचं माप ‘अथर’, साधारण अर्ध्या तासाचं. दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर ते ठरे. वाटपावर देखरेख ठेवणाऱ्याला अरीफ म्हणतात. खानदेशातल्या फड पद्धतीतला पाटकरी हेच काम करतो. बोअरवेलनी भूजल खाली नेलं तसे बरेच फलज आटले. जे चालू आहेत ते गाव राखून आहे, म्हणून पाटात पाय सोडून बसायचं तर वरच्या अंगाला नको.

बहला आणि जबरीन एकाच दिवशी होतात. बहलाचा मातीच्या विटांचा किल्ला 1987 पासून वारसा यादीत आहे. आत सामान किंवा माहितीफलक फारसे नाहीत. आकार पाहण्यासाठी तासभर पुरे. जबरीनला मात्र दोन तास ठेवा. इमाम बलअरब बिन सुलतानचा हा सतराव्या शतकातला वाडा किल्ल्यापेक्षा घर जास्त आहे. छताच्या लाकडावर रंगवलेली वेलबुट्टी आहे. सूर्य-चंद्र दालनाला खाली-वर खिडक्यांच्या दोन ओळी आहेत. खालून गार हवा शिरते, तापलेली वरून निघून जाते. फलज वाड्यातूनच वाहतो आणि इमामाची कबरही खालच्या अंगाला आहे. खोल्यांचा गुंता मोठा आहे, ऑडिओ गाइड मिळालं तर घ्या.

जबल शम्सला निझव्याहून दीड-दोन तास. शिखर तीन हजार मीटरच्या आसपास, आणि खाली वाडी घुलची हजारेक मीटर खोल दरी. अल-खतीम गावातून निघणारी ‘बाल्कनी वॉक’ची पायवाट दरीच्या कडेनं ओसाड अस-साब गावापर्यंत जाते. जायला दीड-दोन तास, तेवढेच यायला. चढ फार नाही, पण कठडाही नाही. माणशी दोन लिटर पाणी लागतं, वाटेत मिळत नाही. हिवाळ्यात रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो, स्वेटर हवाच.

शर्किया वाळवंटासाठी बिदियाला यायचं. टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच. स्वतः गाडी चालवायची नसेल तर तंबूवाले बिदियाहून नेतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं तेच करावं. चालवणारच असाल तर टायरमधली हवा 15 ते 18 पीएसआयवर आणा. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. बाराच्या खाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिममधून निसटतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, वेग एकसारखा ठेवा. थांबायचं तर उतारावर, तोंड खाली करून आणि ब्रेक न दाबता. चढावर अर्ध्यात दम तुटला तर स्टिअरिंग न वळवता आल्या चाकोरीनंच मागे या. आडवी झालेली गाडी कलंडते. चाक जागच्या जागी फिरू लागलं की त्या क्षणी पाय काढा. अॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर गाडी पोटावर बसते. मग चाकांपुढची वाळू हातानं उपसायची, हवा आणखी दोन पीएसआय कमी करायची आणि हळू निघायचं. भर दुपारी सावल्या नसतात, पुढचा कडा दिसत नाही. म्हणून सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, आणि एकटी गाडी कधीच नको. बाहेर आल्यावर बिदियातल्या टायरच्या दुकानात हवा भरल्याशिवाय हमरस्त्याला लागू नका. कमी हवेवर शंभरच्या वेगानं टायर तापून फुटतो.

पुढे सूरला लाकडी जहाजांचा कारखाना आहे. या जहाजांचं सागवान पूर्वापार मलबारातून येई. आधी बाहेरच्या फळ्या जोडायच्या आणि मग आतल्या वाका, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, बसवायच्या, ही जुनी रीत. रास अल-जिन्झला हिरवी कासवं अंडी घालायला वर्षभर येतात, जास्त करून जून ते सप्टेंबर. पहाट आणि रात्रीच्या फेऱ्या आधी आरक्षित कराव्या लागतात. दिवा आणि फ्लॅश वर्ज्य, कारण उजेडानं मादी अंडी न घालताच माघारी फिरते.

शेवटचा दिवस वाडी शाबचा. एका रियालात बोट पलीकडे सोडते आणि आणते. पाऊण तास दगडांतून चालायचं, पुढे पोहत तीन डोह, आणि शेवटी डोकं जेमतेम मावेल अशा फटीतून गुहेत, जिथे आत धबधबा कोसळतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मस्कतहूनच आणा. पकड असलेले बूट, मोबाइलसाठी जलरोधक पिशवी आणि बायका-पुरुष दोघांनाही गुडघे-खांदे झाकणारे कपडे. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवा. डोंगरात पावसाचा अंदाज असेल तर वाडीत शिरायचंच नाही. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वरून लोंढा येतो. रस्त्यावर वाडी वाहत असेल तर कडेच्या खांबांवरचा लाल पट्टा बघा. पाणी तिथवर पोचलं असेल तर गाडी घालू नका, बुडण्याचा धोका आहेच, शिवाय तो गुन्हा आहे. बिम्माचा निळा डोह वाटेतच लागतो, पायऱ्या उतरून अर्ध्या तासात बघून होतो. तिथून मस्कत सव्वा-दीड तास, म्हणून रात्रीचं विमान असेल तर बिम्माहून चारपर्यंत निघावं.