ठिबकाची नळी आणि वर्तुळातला कासरा

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववीचं 'धाराविद्युत' हे प्रकरण मी कितीतरी वर्षं पाण्याच्या पाइपचं उदाहरण देऊन शिकवत आले. टाकी उंच तर विभवांतर (व्होल्टेज) जास्त, पाइप बारीक तर रोध जास्त, आणि पाणी वाहतं तशी धारा, म्हणजे करंट. पोरं माना डोलवायची, ओहमच्या नियमाची गणितं बिनचूक सोडवायची.

एका वर्षी चाचणीत मी गणिताऐवजी साधा प्रश्न घातला. दोन सारखे दिवे एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकामागं एक, जोडलेत, पहिल्यातून 0.5 अँपिअर धारा जाते, तर दुसऱ्यातून किती आणि का? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, 0.5 पेक्षा कमी, कारण पहिल्या दिव्यानं थोडा करंट वापरला. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही त्यात होती.

मी पेपर हातात घेऊनच वर्गात गेले आणि विचारलं, असं का वाटतं? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ठिबकाच्या नळीत तसंच होतंय की. पहिल्या झाडाला भरपूर, शेवटच्या झाडापस्तोर जाताना पाणी कमी."

मला एकदम उलगडा झाला. पाइप म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पुस्तकातली आकृती यायची. त्यांच्यापुढं उसातली, आंब्याच्या रोपांतली काळी नळी यायची. त्या नळीतलं पाणी विहिरीतून निघतं आणि जमिनीत मुरतं, परत विहिरीत येत नाही. मुलांनी उदाहरण अगदी नीट समजून घेतलं होतं. चुकीचं उदाहरण मी दिलं होतं.

मग ठरवलं, धारा मोजणारा अमीटरच लावून दाखवायचा. चालू अमीटर एकच होता. तीन सेल, टॉर्चचे दोन बल्ब, एकसर जोडणी. पहिल्या बल्बच्या आधी अमीटर लावला, 0.28. काढून दोन्हींच्या मध्ये लावला, 0.26. दुसऱ्याच्या पुढं लावला, 0.24. वर्गात कल्ला झाला. "बघा मॅडम, कमीच होतंय की!" प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत चुकीच्या उत्तराची साक्ष देत होता आणि तास संपल्याची घंटा झाली.

त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. आकडे का उतरले ते मला माहीत होतं: स्वस्तातले सेल, सर्किट सतत चालू, विभवांतर मिनिटामिनिटाला खाली. पण मुलांनी माझ्या सांगण्यावर का विश्वास ठेवावा? दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा केला आणि तिसरं वाचन झाल्यावर अमीटर मुद्दाम पुन्हा पहिल्या जागी लावला. तिथंही आता 0.24 च. वर्ग गप्प. मग एका मुलीनंच सांगितलं, "म्हणजे सेल उतरलाय." हे तिच्या तोंडून आलं, याचा मला फार आनंद झाला.

याच ठिकाणी मी त्यांना ओहमची गोष्ट सांगते. जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तरच होता. त्यालाही घटांनी असंच छळलं, वाचन घेता घेता जोर उतरायचा. शेवटी त्यानं बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन्ही तापमानं स्थिर, म्हणून विभवांतर स्थिर. 1827 साली त्याचं पुस्तक आलं. आमच्याकडं बर्फाऐवजी फवारणी पंपातली 12 व्होल्टची बॅटरी आली. ती आमच्या शेतातली. मोटारसायकलच्या इंडिकेटरचे दोन बल्ब एकसर जोडले आणि शेजारच्या शाळेतून आणखी दोन अमीटर मागून तिन्ही जागी एकदमच लावले. तिन्ही काटे 0.56 वर. मुलांनी रांगेनं येऊन पाहिलं. काहींनी दोनदा पाहिलं.

आकडा पटला, पण डोळ्यांसमोर चित्र हवं होतं. ते कासऱ्यानं दिलं. एका मुलाच्या घरून दोन कासरे आणले, गाठ मारून मोठं वर्तुळ केलं, मुलांना मैदानात गोल उभं केलं. प्रत्येकाच्या सैल मुठीतून दोर. एकानं ओढायचं, तो सेल. ओढला की सगळ्यांच्या हातातला दोर त्याच क्षणी हलतो, म्हणून बटण दाबताच दिवा लागतो. तारेतले इलेक्ट्रॉन स्वतः मात्र गोगलगाईसारखे सरकतात. मग एका मुलीला मूठ जरा आवळायला सांगितली. ती दिवा. सगळा दोर हळू झाला, तिच्या पुढचाही आणि मागचाही. थोड्या वेळानं ती ओरडली, "मॅडम, हात भाजतोय!" गाठ मुठीतून गेली की प्रत्येकाला कळायचं, आणि फिरून ती ओढणाऱ्याच्याच हातात यायची. दोर कुठंच संपत नव्हता. दमत होता तो ओढणारा.

त्या भाजलेल्या हाताच्या मुलीनं विचारलं, "करंट सगळा परत जातोय, तर लाइटबिल कशाचं येतंय?" मी तो तास त्या प्रश्नालाच दिला. बिल ऊर्जेचं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, 36 लाख जूल. पाच एचपीची मोटार म्हणजे 5 × 746, साधारण 3,730 वॅट. पूर्ण भारावर तासभर चालली तर पावणेचारच्या आसपास युनिट, आणि मोटारीत उष्णता म्हणून वाया जातं ते वेगळं. ही आकडेमोड मुलांनी इतक्या उत्साहानं केली की पुस्तकातली उदाहरणं मागं पडली.

ठिबक मात्र मी टाकून दिलं नाही. समांतर जोडणीला, म्हणजे प्रत्येक दिव्याला वेगळा फाटा असतो तिथं, ते पुन्हा काढते. मुख्य तारेतून प्रत्येक फाट्यावर थोडी थोडी धारा वेगळी होते, पुढं जाणारी कमी होते. पाणी परत न येणं तेवढं वगळायचं, कारण इथं दुसरी तार धारेला परत नेते. हे सांगत असताना मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला. त्यांचं शेत डीपीपासून, म्हणजे गावाकडच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून, सगळ्यात लांब. सगळ्यांच्या मोटारी चालू असल्या की त्यांच्याकडं व्होल्टेज पडतं, आणि मागच्या हंगामात त्यांची मोटार जळाली होती.

"तारेलाही रोध असतोय ना मॅडम? मग तारेतच थोडं विभवांतर संपतंय. आमच्यापस्तोर कमी येतंय."

मी म्हटलं, बरोबर. आणि व्होल्टेज कमी पडलं की भारावरची मोटार जास्त धारा ओढते, धारा दुप्पट झाली तर वाइंडिंगमधली उष्णता चौपट. त्यानं वहीत डीपी काढली, तिथून सहा मोटारींची रांग काढली, शेवटच्या चौकोनात वडिलांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "तार जाड टाकली तर किती फरक पडंल, ते काढता येतंय का?"

दुसऱ्या दिवशी तो तारेची लांबी पावलांनी मोजून आला.