एस्टोनियाची फौज रोज कामावर जाते

आमच्या टालिनच्या ऑफिसातला एक सहकारी परवा अचानक दिसेनासा झाला. चौकशी केली तर कळलं, 'ओकास'साठी बोलावणं आलंय. ओकास म्हणजे राखीव सैनिकांना आयत्या वेळी बोलावून घेण्याचा सराव. फोनवर निरोप येतो आणि माणूस हातातलं काम टाकून थेट आपल्या तुकडीत हजर होतो. मॅनेजरनेही हूं की चूं केलं नाही.

एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम 14 लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्मीही नाही. पूर्वेला रशिया, मागे समुद्र, माघार घ्यायला जागाच नाही. 1940 मध्ये सोव्हिएत फौजा आत शिरल्या, आणि मधली जर्मन ताब्याची वर्षं सोडली, तर रशियन सैन्य इथून हललं ते थेट 31 ऑगस्ट 1994 ला. माझ्या वयाच्या लोकांना तो दिवस आठवतो. त्यामुळे सैन्य हा इथे घरातला विषय आहे.

पगारी सैनिक थोडेच, काही हजार. तरुण मुलांना सक्तीची सेवा आहे, आतापर्यंत 8 किंवा 11 महिन्यांची. ती संपली की मुलगा राखीव दलात जातो. खरी फौज ही राखीव मंडळीच. याशिवाय 1918 पासूनचं 'काइत्सेलीत' हे स्वयंसेवक दल आहे. त्यातले कितीतरी जण आपली रायफल घरीच कुलपात ठेवतात. बायकांची वेगळी संघटनाही आहे. तिच्या एका फील्ड किचनमध्ये मी वाटाण्याचं दाट सूप प्यायलोय. मोठ्या पातेल्यावर वाकून वाढणाऱ्या बाई एरवी शाळेत शिकवतात.

लढाऊ विमानं आणि रणगाडे यांच्याकडे स्वतःचे नाहीत. आकाश नाटोची मित्रराष्ट्रं आळीपाळीने सांभाळतात. तापा गावच्या तळावर पहिल्या ब्रिगेडसोबत 2017 पासून ब्रिटिशांच्या नेतृत्वाखालची नाटोची तुकडी आहे. मला हा हिशेब पटतो. परवडणार नाही त्याच्या मागे न लागता यांनी पैसा तोफा, रॉकेटं आणि रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांवर लावला. नेदरलँड्सकडून 44 वापरलेली सीव्ही-90 चिलखती वाहनं घेतली, 2025 मध्ये अमेरिकेच्या 6 हायमार्स, म्हणजे रॉकेट डागणाऱ्या गाड्या, आल्या.

आणि दक्षिण कोरियाच्या के-9 तोफा! याच तोफेचा भारतीय अवतार 'वज्र' 2018 मध्ये आपल्या देवळालीत लष्करात दाखल झाला. इथे 24 फेब्रुवारीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, संचलनात ती सुरवंटी पट्ट्यांवर धडधडत समोरून गेली, तेव्हा पायाखालचा रस्ता हादरला आणि मला नाशिकच आठवलं.

2023 च्या सुरुवातीला या देशाने आपल्या सगळ्या ओढून नेण्याच्या 155 मिमी तोफा युक्रेनला देऊन टाकल्या. एवढ्याशा देशाने असं करावं याचं मला फार अप्रूप वाटलं. सहकाऱ्याला ते बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "त्या ज्याच्यासाठी घेतल्या होत्या, त्याच्यावरच चालतायत ना." पुढे फ्रान्सकडून 12 सीझर तोफा मागवल्या.